क्रियापद

पहाटे पावणेसहाला मुक्कामी गाडी गावातून निघते.
कंडक्टर विचारायचा, "कुठी चालला बे?"
मी म्हणायचे, "दारव्हा एक,"
क्रियापद गिळून.

अठरा वर्षं मी असंच बोलले.
जेवण झालं. झोप लागली. बसायला जागा मिळाली.
जेवलो म्हटलं की घशात काटा,
जेवली म्हटलं की घरात कालवा.
आपल्या भाषेत घोटभर पाणी प्यायलं
तरी आधी सांगावं लागतं, कोण प्यायलं.

कॉलेजच्या अर्जात तीन चौकटी होत्या.
तिसरीत लिहिलेलं: इतर.
बाप किराण्याच्या वहीत शेवटी लिहितो तसं,
इतर, सत्तर रुपये,
कशाचे ते आठवत नसलं की.

दुसऱ्या मजल्यावर पाटी आहे, समान संधी केंद्र.
कुलूप. आत सेवा योजनेची घमेली, फावडी
आणि कोणत्या तरी समितीच्या स्वागतासाठी आणलेला
लाल गालिचा, गुंडाळून उभा.
"कागदावर हाय ना केंद्र," गुल्हाने मॅडम म्हणाल्या,
"मीच हावो त्याच्यात. मलेच कोणी सांगितलं नाही."
मग पदर खोचून त्यांनी घमेली बाहेर काढली.
मी फावडी.

खुर्च्या दोन निघाल्या. एक डगडगती.
सेतू केंद्रातून दोनदा परत आलेला माझा अर्ज
त्यांनी पुन्हा भरला,
नाव लिहिताना जीभ दातांत धरून, सावकाश,
चौथीतल्या मुलीसारखं:
सुमेधा.

स्टाफच्या संडासाची किल्ली पेंदोरमामांकडे असते,
पळसाच्या मुळीच्या दोरीत ओवलेली.
त्याआधी मी सकाळपासून पाणी पीत नसे,
एप्रिलातही,
गाडीच्या पत्र्याला हात लागला की चटका बसायचा तेव्हाही.
मामांनी काही विचारलं नाही.
बाजारातून दुसरी किल्ली करून आणली,
तिलाही तसाच दोर वळला.
"हरपू नको," एवढंच. "तीस रुपये पडले मले."

सगळंच काही गोड नाही.
मुलींच्या वसतिगृहाचं पत्र अजून आलेलं नाही.
मागच्या बाकावरून टाळी येते,
बोटं फाकवून वाजवतात, ती.
डेहणकर सर ऐकू न आल्यासारखे फळा पुसतात,
पुसलेला फळा पुन्हा पुसतात.

परीक्षेची फी राहिली होती तेव्हा
सोमवारच्या बाजारात रेश्माबाईंनी गाठलं.
वाटलं, आता म्हणतील, चाल आमच्यात.
वांग्यांच्या ढिगाशेजारी बसून
त्यांनी कमरेची पिशवी सोडली, मोजले
नऊशे चाळीस, दहादहाच्या नोटा, बाकी चिल्लर.
"आमच्यातलं कोणी पेपरले बसलंच नाही वो.
तू बस. अन् कसा असते थो, मले सांगजो."

आज हजेरीला सर सत्तेचाळीसवर थांबले.
रजिस्टरात जुनं नाव खोडलेलं,
वर नवं, गुल्हाने मॅडमच्या अक्षरात.
चष्मा वर केला, खाली केला.
"सुमेधा तायडे."
हजर, मी म्हणाले.
हजरला कोणी विचारत नाही, तो की ती.

संध्याकाळी गाडीला उशीर. स्टँडवर बसल्या बसल्या
मी पुटपुटत होते,
आलो, आली. जातो, जाते. येईन.
पुन्हा म्हणून पाहिलं. येईन.
बाप शेतावरून येईन म्हणतो,
माय बाजारातून येईन म्हणते,
एकच शब्द, काहीही न विचारणारा.
कोणी ठेवलं असेल हे दार असं उघडं,
की लावायचंच विसरले?

गाडी सुटताना कंडक्टर ओरडला, "कोण राह्यलं?"
"थांबा ना," मी म्हणाले, "मी राह्यली."
ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली
चढताना दांडीवर वाजली.